मदत हवी आहे: देणगीची पावती हातात आहे, तरी ८०जी मध्ये (देणगीवरची कर वजावट) आयकराचं पोर्टल घेत नाही (वडिलांचं रिटर्न)

चोपडेकर_पुण्यात | १४ जुलै २०२४, सकाळी १०.१२
वडिलांचं रिटर्न भरतोय. ५१,००० देणगी दिली आहे, पावती समोर आहे, त्यावर ८०जी छापलंय. पोर्टलवर तक्ता भरला की कसला तरी एआरएन मागतं. पावतीवर तसं काही नाही. पावती नंबर टाकून पाहिला तर लाल अक्षरात चूक दाखवतं. निम्मे म्हणजे २५,५०० परत मिळायला हवेत ना? तीन रविवार गेले यात. माहीत असलेल्यांनीच सांगा. "सीए गाठा" नको, ते मलाही कळतं. ३१ तारीख तोंडावर आली.

एमएच_एकोणीस | १०.३१
जुनी करव्यवस्था की नवी? देणगी रोख की चेकने? कोणत्या तारखेची? वडील नोकरीत की रिटायर?

चोपडेकर_पुण्यात | १०.३८
रिटायर. झेडपी शिक्षक होते, वय ६८. तारीख १९ जानेवारी. बाकीच्याचा एआरएनशी काय संबंध? मला फक्त तो नंबर कुठे मिळतो ते हवंय.

भुसावळ_लोको | १०.५५
पेन्शनर आहेत तर १५एच भरून द्या ना बँकेत. मी दर एप्रिलला देतो, व्याजावर टीडीएस कापतच नाहीत. पासबुक घेऊन जायचं, दोन मिनिटांचं काम.

एमएच_एकोणीस | ११.०२
काका, १५एचचं कुणी विचारलं नाही. आणि एकूण करच शून्य येणार असेल तरच तो भरता येतो. यांचा कर लागतोय.

@चोपडेकर, संबंध आहे म्हणून विचारतोय. एआरएन हा संस्थेने दिलेल्या १०बीई प्रमाणपत्रावर असतो. वर्षभराच्या देणगीदारांची यादी संस्था १०बीडी नावाच्या फॉर्ममध्ये आयकर खात्याकडे भरते, मुदत ३१ मे. ती भरली की प्रत्येकाच्या नावे १०बीई निघतं. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून हे सुरू आहे. छापील पावतीवर काम भागायचे दिवस गेले. संस्थेकडे १०बीई मागा.

चोपडेकर_पुण्यात | ११.२०
फोन केला. कोषाध्यक्ष मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूरला गेलेत. एकादशी झाल्याशिवाय येत नाहीत. ऑफिसात जो मुलगा आहे त्याला १०बीई म्हणजे काय ते माहीत नाही, तो म्हणे "दादा, पावती दिली ना तुम्हाला?"

धुळेकर_ताई | ११.४१
एकादशी बुधवारी आहे. येतील हो, घाई कशाला.

मला वेगळंच विचारायचंय, पावतीवर देणगीदाराचं नाव आणि पॅन कुणाचा आहे? आमच्याकडे इथेच घोळ झाला होता.

चोपडेकर_पुण्यात | ११.५८
पावती पुढ्यात घेऊन लिहितो. पॅनची रेघ रिकामी. नावाच्या जागी "कै. सौ. …" म्हणजे माझ्या आईचं नाव आणि पुढे "यांच्या स्मरणार्थ". वर्षश्राद्धाला दिली होती. खाली शाईने "रोख / चेक / धान्य" तिन्हीवर खुणा. रक्कम एकच, ५१,०००. कोपऱ्यात शिक्का, "८०जी कायम, २००९".

एमएच_एकोणीस | १२.०६
भाऊ, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर माझी अर्धी सकाळ वाचली असती.

धान्य???

चोपडेकर_पुण्यात | १२.१५
२१,००० चा चेक नानांच्या, म्हणजे वडिलांच्या खात्यातून. १५,००० रोख. आणि उरलेल्याची घरची दादर ज्वारी दिली, संस्थेचं वसतिगृह आहे तिथे. गोण्या मोजून साधारण पंधरा हजारांची धरली.

सातपुड्याच्या_पायथ्याशी | १२.२२
दादर! आता घरची दादर पेरतो कोण. आमच्या गावात सगळं केळी नाहीतर कपाशी. दादरची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन किती दिवस झाले. पोरांना कळण्याची भाकरीही माहीत नाही.

एमएच_एकोणीस | १२.४०
भरीत हिवाळ्यात, आत्ता हिशोब.

दादर: वस्तुरूप देणगीला ८०जी नाही. धान्य, कपडे, ब्लँकेट, काहीच नाही. पंधरा गेले.
रोख: २,००० च्या वर रोख दिलेली रक्कम धरत नाहीत. आधी ही मर्यादा १०,००० होती, २०१७-१८ पासून २,००० झाली. हेही पंधरा गेले.
राहिला चेक, २१,०००. त्याचे निम्मे १०,५००.

आणि हे १०,५०० परत मिळत नाहीत, ते उत्पन्नातून वजा होतात. जेवढ्या टक्क्याच्या टप्प्यात शेवटचा रुपया बसतो तेवढाच फायदा.

व्यवहारी_माणूस | १२.५१
एवढं घाबरायचं काय? १५,००० च्या २,००० वाल्या सात पावत्या मागून घ्या, आणि उरलेल्या हजाराची एक. वेगवेगळ्या तारखा. आमच्याकडे सगळे असंच करतात.

धुळेकर_ताई | १२.५८
मागच्या तारखांच्या पावत्या म्हणजे सरळ खोटे कागद. ज्या संस्थेला आईच्या नावाने दिलं तिलाच त्यात ओढायचं? आणि त्या प्रत्येक पावतीचा १०बीडी कोण भरणार, तुम्ही?

व्यवहारी_माणूस | १.०४
ताई, सल्ला दिला, घ्यायचा तर घ्या. मोठे लोक राजकीय पक्षाला चेक देऊन कमिशन कापून रोख परत घेतात, त्यांना कोण विचारतं.

नंदुरबारी | १.१०
विचारतात की. आमच्या ऑफिसात दोघांना पक्षाच्या देणगीवरून नोटीस आली. ८०जीजीसी (त्या देणगीची वजावट) टाकलं होतं. ज्याने "सेटिंग" करून दिलं त्याचा फोन तेव्हापासून बंद.

खान्देशी_आजोबा | १.३३
उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये म्हणतात. आम्ही वसतिगृहाला पायलीने धान्य द्यायचो, पावती कुणी मागितली नाही. आता आईच्या श्राद्धाचासुद्धा परतावा. चालू द्या.

चोपडेकर_पुण्यात | १.४०
आजोबा, दान नानांनी केलं. कर भरा म्हणून मेसेज मला येतात. पुढचा मुद्दा बोलू का?

@एमएच_एकोणीस, ते "नवी व्यवस्था सोडायची आहे का" वाल्या प्रश्नाला मी होय केलं होतं. नाही केलं की ८०जीचा तक्ता दिसतच नव्हता. चुकलं का?

एमएच_एकोणीस | १.५२
तो प्रश्नच उलटा आहे, यंदा निम्मे लोक तिथे फसतायत. नवी व्यवस्था आता आपोआप लागू होते. तिच्यात ८०जी, ८०सी (बचत), ८०डी (मेडिक्लेम) काही नाही. "होय" म्हणजे जुनी. पेन्शन आणि व्याजच असेल तर दर वर्षी निवडता येतं, पण जुनी हवी तर रिटर्न ३१ जुलैच्या आत. उशीर झाला की नवीच.

पण नानांना जुनी परवडते का हे पाहिलंत? आकडे द्या.

चोपडेकर_पुण्यात | २.२०
पेन्शन ७,८०,०००. एफडीचं व्याज ७०,०००. नोव्हेंबरात पोस्टात ज्येष्ठांच्या योजनेत दीड लाख टाकले. मेडिक्लेम ३०,०००. बाकी काही नाही.

एमएच_एकोणीस | २.४७
जेवून बसलो. दर आर्थिक वर्ष २०२३-२४ चे.

८,५०,००० मधून प्रमाणित वजावट ५०,००० गेली, राहिले ८ लाख. ही दोन्हीकडे मिळते.
नवी: ८ लाखांवर ३५,०००, सेस धरून ३६,४००.
जुनी: ८०सी दीड लाख, व्याजाचे ८०टीटीबी मध्ये ५०,०००, मेडिक्लेम ३०,०००. उरले ५,७०,०००. ज्येष्ठांना पहिले ३ लाख माफ, मग ५ टक्के, ५ लाखांच्या वर २० टक्के. कर २४,०००, सेससह २४,९६०.
त्यात ८०जीचे १०,५०० धरले तर २२,७७६.

म्हणजे ज्या एआरएनसाठी तीन रविवार घातले त्याची किंमत २,१८४ रुपये. खरा फरक जुनी व्यवस्था घेतल्याने पडतोय, तो साडेअकरा हजारांच्या आसपास आहे. ८०जीला उत्पन्नाच्या १०% ची मर्यादा असते, पण २१,००० ला ती आडवी येत नाही.

चोपडेकर_पुण्यात | २.५५
२,१८४???

सीए_नाही_पण_तसाच | सायं. ६.१८
उशिरा आलो. हिशोब बरोबर आहे. "८०जी कायम" या शिक्क्याकडे कुणी पाहिलं का? २०२१ पासून कायम वगैरे राहिलं नाही. सगळ्या जुन्या संस्थांना १०ए फॉर्म भरून नव्याने नोंद घ्यावी लागली. ज्यांची राहिली होती त्यांना शेवटची सवलत अगदी आत्ता ३० जूनपर्यंत होती. आधी संस्थेला नवा नोंदणी क्रमांक विचारा. तो नसेल तर पुढचं बोलणंच नको.

दुसरं म्हणजे नाव. चेक नानांचा आहे, तेव्हा १०बीडी मध्ये नाव आणि पॅन नानांचाच हवा. दिवंगत व्यक्तीच्या नावे टाकलं असेल तर संस्थेला दुरुस्तीचं विवरण भरता येतं. यादीच भरली नसेल तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क संस्थेला पडतं, म्हणून काही संस्था टाळाटाळ करतात. गोडीत बोला.

भुसावळ_लोको | सायं. ७.०५
१५एच खरंच देऊ नका का मग?

चोपडेकर_पुण्यात | २० जुलै, रात्री ९.२६
अपडेट. कोषाध्यक्ष आले, माणूस भला आहे. नवी नोंदणी आहे, शिक्का तेवढा जुना वापरतात. १०बीडी वेळेत भरलाय, पण पॅन नसलेल्या पावत्या त्यांनी यादीत घेतल्याच नाहीत. नानांचा पॅन घेतला, त्यांचा सीए पुढच्या आठवड्यात सुधारित विवरण टाकतो म्हणाला. २१,००० चेकचे वेगळे, रोख वेगळी दाखवणार.

आता नवीन अडचण. त्यांनी पावती बदलायला परत मागितली, नाना देत नाहीत. ती आईच्या फोटोच्या चौकटीमागे खोचून ठेवलीय. म्हणे, "तिचं नाव काढून माझं घालायचं असेल तर तुझे दोन हजार मी देतो."

धुळेकर_ताई | ९.४०
देऊ नका म्हणावं. १०बीई नानांच्या नावे निघालं की झालं, तक्त्यात आकडा आणि एआरएन त्याच्यावरचाच लागतो. संस्थेला स्थळप्रतीवर "चेक: नानांचं नाव, पॅन" असं लिहून सही करायला सांगा. आमच्याकडे तसंच केलं.

सीए_नाही_पण_तसाच | ९.५५
+१. आणि २८ पर्यंत वाट बघा. नाही आलं तर ८०जी सोडून जुन्या व्यवस्थेतच रिटर्न भरून टाका. २,१८४ साठी ३१ तारीख चुकवाल तर नवी व्यवस्था बसेल आणि अकरा-बारा हजार जातील.

चोपडेकर_पुण्यात | १०.०२
हे पटलं. २८ ला रात्री भरतो, काही झालं तरी. धन्यवाद, एमएच_एकोणीस यांना विशेष.

सातपुड्याच्या_पायथ्याशी | १०.३०
नानांकडे दादर उरलीय का थोडी? रोख देतो, पावती नको.