आधी स्टॅबिलायझर मोजा
क्लोरीन 3 पीपीएम (दहा लाख भागांत 3 भाग) दाखवतंय तरी पूलचं पाणी हिरवं होतंय म्हणालात, तर आधी स्टॅबिलायझर म्हणजे क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं सायन्युरिक अ‍ॅसिड मोजा. आमच्या कर्जतच्या घरी अगदी हेच झालं होतं, दोन वर्षं नुसत्या ट्रायक्लोरच्या म्हणजे क्लोरीनच्या गोळ्या टाकत होतो आणि त्या गोळीतूनच स्टॅबिलायझर पाण्यात जातं, क्लोरीन 10 पीपीएम टाकलं की स्टॅबिलायझर साधारण 6 ने वाढतं, आणि क्लोरीन उन्हात उडून जातं पण हे साचतच राहतं. टेस्ट सोपी आहे, पाण्यात रिएजंट मिसळलं की ते दुधाळ होतं, ते नळीत हळूहळू ओतायचं आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा. आमचा ठिपका थोडंसं ओतल्यावरच गायब, 100! स्टॅबिलायझर जास्त झालं की क्लोरीनचं काम मंदावतं, एवढ्याला क्लोरीन 7-8 तरी हवं, 3 ने काय होणार. अर्धं पाणी काढून नवीन भरलं तेव्हा 50 वर आलं, टँकरचे पैसे द्यायचं जिवावर आलं होतं पण करावंच लागलं. आता गोळ्या बंद, रोज संध्याकाळी ऊन उतरल्यावर लिक्विड क्लोरीन टाकतो. आणि हो, पिवळा रंग येणारं किट असेल तर बदला, ते टोटल क्लोरीन म्हणजे वापरून झालेलंही धरून दाखवतं, गुलाबी रंग येणारं डीपीडीवालं घ्या, त्यात कामाचं क्लोरीन वेगळं कळतं.