‘क्वीन’च्या कलावंतांचे शिक्षण पुढे कोठे गेले?

प्रश्न (धरमपेठकर)
माझी मुलगी येथे नागपुरात इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून चार वर्षांपासून गिटार शिकत आहे. ‘क्वीन’ या इंग्लिश बँडचे चारही सदस्य उच्चशिक्षित होते, असे ती सांगते. हे खरे असल्यास त्या शिक्षणाचे पुढे काय झाले, हे जाणकारांनी कृपया सांगावे. तिला अडवण्याचा माझा हेतू नाही. तिचे म्हणणे मला नीट समजून घ्यायचे आहे.

उत्तर (रामदासपेठ)
ताईचे म्हणणे खरे आहे. फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारच्या पारशी कुटुंबातील फारुख बलसारा, पाचगणीला शिकले, १९६४ मध्ये कुटुंबासह इंग्लंडला गेले आणि ग्राफिक डिझाइन शिकले. बँडचे बोधचिन्ह त्यांनीच रेखाटले. रॉजर टेलर दंतवैद्यक सोडून जीवशास्त्राकडे वळले. ब्रायन मे यांनी सूर्यमालेतील धुळीवरचे पीएचडीचे संशोधन बँडसाठी बाजूला ठेवले आणि २००७ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, पूर्ण केले. जॉन डीकन तर ताईच्याच शाखेचे. कचऱ्यात सापडलेल्या सर्किटपासून त्यांनी बॅटरीवर चालणारा लहानसा अॅम्प्लिफायर तयार केला आणि मे यांनी त्यातूनच गिटारचे थरावर थर ध्वनिमुद्रित करून वाद्यवृंदाचा भास निर्माण केला.

उत्तर (लाकडगंज)
आमचा व्यवसाय लाकडाचा, म्हणून मला मे यांच्या गिटारबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. नवी गिटार परवडत नसल्यामुळे १९६३ मध्ये त्यांनी वडिलांच्या मदतीने ती घरीच घडवायला घेतली, आणि त्या कामाला सुमारे दोन वर्षे लागली. दांडीसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी वापरले, त्यातील किडीची भोके काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली, खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याची बटणे घेतली आणि स्वर हलवणाऱ्या यंत्रणेत जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा बसवल्या. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते. हीच गिटार पुढे मे यांची ओळख झाली.

उत्तर (महाल)
केवळ पदव्यांकडे पाहू नये, अशी माझी विनंती आहे. ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लिश बँडचे गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होते. तेथे सतराव्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली, आणि ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्यांनी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांवर टोपणे बसवली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारांचा ताण कमी करून स्वरही खाली आणले. हेवी मेटल या रॉक संगीताच्या प्रकाराचा तो जड, खर्जातला नाद घडण्यात या उपायांचा मोठा वाटा आहे.

धरमपेठकर
सर्वांचा आभारी आहे. डीकन यांच्या अॅम्प्लिफायरची हकीकत मुलीला ठाऊक नव्हती, आणि आता तिला या वर्षीच्या प्रकल्पासाठी तसाच एक तयार करायचा आहे. लाकडगंजच्या दादांना विचारतो: त्याच्या पेटीसाठी सागवान चालेल काय?