ऋषी कपूर तुम्हाला कधी उमगला?

परवा आईचं कपाट आवरताना माझी शाळेतली कंपासपेटी सापडली. झाकणाच्या आतल्या बाजूला मासिकातून कापून चिकटवलेला ऋषी कपूर, अंगात स्वेटर, गालावर डिंकाचा डाग. तेव्हा आम्ही दादरला हिंदू कॉलनीत राहायचो आणि मी नववीत होते. 'कर्ज' नुकताच आला होता, 1980 साल. वर्गातल्या निम्म्या मुली अमिताभच्या, उरलेल्या ऋषीच्या.

कॉलेजात गेल्यावर फिल्म सोसायटीचे सिनेमे बघायला लागले आणि हा आवडतो म्हणायची लाज वाटू लागली. गोड चेहरा, गाणी, यात अभिनय कुठे आहे, असं मीच मैत्रिणींना ऐकवायचे. कितीतरी वर्षं तेच मत धरून बसले होते. मग एका रविवारी दुपारी टीव्हीवर 'दामिनी' लागला. 1993 चा हा सिनेमा सगळ्यांना आठवतो तो मीनाक्षी शेषाद्रीसाठी आणि सनी देओलसाठी. त्या दुपारी मी फक्त दामिनीच्या नवऱ्याकडे, म्हणजे ऋषीकडे बघत होते. बायको खरं बोलतेय हे याला ठाऊक आहे, घरचे आपले आहेत हेही सुटत नाही, आणि हा डगमगतो. नायक असून त्याने ते डगमगणं झाकलं नाही. आणखी एक लक्षात आलं: समोरचं माणूस बोलत असताना हा ऐकतो. आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघत उभा राहत नाही. त्यानंतर जुने सगळे सिनेमे पुन्हा बघितले, कंपासपेटीतला मुलगा वेगळाच दिसायला लागला.

तुमचं मत कधी बदललं? कुठे बघत होतात, सोबत कोण होतं, तेही लिहा.

*

आमच्याकडे मत बदललं ते आजीचं. गिरगावातली चाळ, दोन खोल्या. आजी बाविसाव्या वर्षी विधवा झालेली, कपाळ तेव्हापासून मोकळं. ऋषी कपूर तिच्या लेखी 'तो नाचरा'. 1982 मध्ये मावशी तिला हट्टाने 'प्रेमरोग' बघायला घेऊन गेली, मला सोबत नेलं. मी दहा वर्षांचा, मला मिथुनची फायटिंग हवी होती.

नायकाचं नाव देवधर आहे हे कळल्यावर आजीने अंधारात मावशीला विचारलं, "आपल्यातला का गं?" मावशी हसली. पुढे पद्मिनी कोल्हापुरे विधवा होऊन माहेरी येते तिथून आजी एक शब्द बोलली नाही. पदर तोंडाशी धरून बसली होती. घरी येताना जिना चढताना मधल्या माळ्यावर थांबली आणि म्हणाली, "बघितलंस? कीव नव्हती हो त्याच्या डोळ्यात."

एवढंच. पण त्यानंतर मुंबई दूरदर्शनवर गुरुवारी छायागीतात त्याचं गाणं लागलं की शेजारच्या काकूंनी आजीला हाक मारायची हे ठरून गेलं. टीव्ही त्यांच्याकडेच होता. आजी दारातल्या स्टुलावर बसायची, गाणं संपलं की उठून परत स्वयंपाकघरात.

मला मात्र तो आवडत नव्हता, चाळीशी उलटेपर्यंत. आजी गेल्यावर काही वर्षांनी 'प्रेमरोग' एकट्याने लावला. पद्मिनी पांढऱ्या साडीत समोर येते तेव्हा त्याचा चेहरा बघा. मैत्रिणीकडे बघावं तसा बघतो, फक्त आवाज खाली आलेला. आजीला जिन्यात जे कळलं होतं ते मला तेव्हा कळलं. राज कपूरचं दिग्दर्शन वगैरे सगळं खरं, पण ती नजर या माणसाचीच.

*

लालबागहून लिहितोय. ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवायचो. गणपतीच्या दहा दिवसांत एक मंडळ असं नसायचं जिथे 'सरगम'मधल्या डफलीच्या गाण्याची फर्माईश येत नसे. इतकी वाजवली की त्या गाण्याचा आणि त्या नटाचाही कंटाळा आला.

पडद्यावर वाद्य वाजवणारे नट बघताना आम्हा वाजवणाऱ्यांना त्रास होतो. ठेका एकीकडे, हात दुसरीकडे. मागच्या वर्षी नातीने तेच गाणं मोबाईलवर लावलं, आवाज बंद होता. मी हात बघत होतो. आवाज नसताना मला ठेका ऐकू आला हो! थाप जिथे पडायला हवी तिथेच पडते, मान त्याच मात्रेवर हलते. मग 'कर्ज'मधली गिटार मुद्दाम काढून बघितली. तिथेही तेच, मनगट सुरांबरोबर आहे. हे असं दिसण्यासाठी किती वेळ घालवावा लागतो ते आम्हाला विचारा. 'सहज करतो' म्हणून ज्याला आम्ही बाजूला टाकलं, त्याने ती सहजता कमावलेली होती.

*

माझा प्रवास उलटा. मी त्याला पहिल्यांदा रौफ लाला म्हणून बघितलं. 2012, 'अग्निपथ', मी कॉलेजात, शेजारी आई. डोळ्यात सुरमा घातलेला तो माणूस पडद्यावर आला आणि आईने माझा हात घट्ट धरला: "अगं, हा आपला चिंटू?" चिंटू हे ऋषीचं लाडकं नाव. मला त्याची खरीखुरी भीती वाटली होती. चॉकलेट हीरो हा शब्द मला नंतर कळला. मग मागे मागे जात राहिले. 'दो दूनी चार'मधला स्कूटरवरचा गणिताचा मास्तर, पुढे 'चांदनी', आणि शेवटी 'बॉबी'. एकवीस वर्षांच्या त्या मुलाकडे बघताना मला रौफ लाला आठवत होता, आणि दोघांत मला कुठेच खोटं सापडलं नाही.

*

चेंबूरचा आहे. राज कपूरच्या, म्हणजे ऋषीच्या वडिलांच्या, आर. के. स्टुडिओच्या फाटकासमोरून शाळेत जायचो. त्यांच्या गणपतीच्या विसर्जनाला रस्ता तुडुंब, आणि कपूर भाऊ मिरवणुकीत. आम्हाला ऋषी सिनेमातला कधी वाटलाच नाही, नाक्यावरचाच वाटायचा, म्हणून त्याच्या कामाचं कौतुकही नव्हतं. 2017 मध्ये स्टुडिओला आग लागली, 2019 मध्ये जागा विकली गेली. फाटकाकडे बघायची सवय मात्र गेलेली नाही. त्याचे सिनेमे मी त्यानंतर नीट बघायला लागलो.

*

माझं मत बदललं ते आत्मचरित्रामुळे. 'बॉबी'साठीचा पुरस्कार पैसे देऊन मिळवला, हे त्याने 2017 मध्ये स्वतः लिहिलं. आधी राग आला, फसवल्यासारखं वाटलं. पण हे कोणी विचारलं नसताना त्याने सांगितलं. 'मेरा नाम जोकर'साठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या मुलाला पुढे असं करावंसं वाटलं, याचं मला फार वाईट वाटतं. ट्विटरवरचं त्याचं तडकून बोलणं मला कधीच पटलं नाही, आजही पटत नाही. तरी 'मुल्क'मधला म्हातारा वकील बघताना मी रडले.

*

मुलुंड. बाबा 1952 चे, ऋषीही 1952 चा. 29 एप्रिल 2020 ला इरफान गेला, दुसऱ्या दिवशी हा. टाळेबंदी होती. चंदनवाडी स्मशानभूमीतले ते मोजके लोक बातम्यांत बघून बाबा म्हणाले, "एरवी गिरगावात पाय ठेवायला जागा नसती." दिवसभर जेवले नाहीत. त्यांना तो इतका आवडतो हे आम्हाला माहीतच नव्हतं.

2022 मध्ये 'शर्माजी नमकीन' आला. भूमिका अर्धी राहिली होती, उरलेली परेश रावलने केली. निवृत्त झालेला, घरात नकोसा झालेला माणूस, स्वयंपाकात जीव रमवतो. बाबा बँकेतून निवृत्त झाल्यापासून खुर्चीतून उठत नव्हते. सुरुवातीला प्रत्येक प्रसंगाला विचारत होते, "आता कोण, हा की तो?" अर्ध्या तासाने विचारणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी उभं राहून त्यांनी आईला विचारलं, भाजणीचा डबा कुठला. आई म्हणाली, निळ्या झाकणाचा.