मदत हवी आहे: मेरोपेनेम (जड अँटिबायोटिक) थांबवायचं कसं?

नमस्कार मंडळी. कणकवलीजवळच्या छोट्या हॉस्पिटलात फिजिशियन आहे. ब्लड कल्चरच्या (रक्तात कोणते जंतू आहेत ते पाहायच्या तपासणीच्या) बाटल्या कोल्हापूरला जातात. पावसात घाट बंद पडला की सगळंच लटकतं. तोवर मेरोपेनेम चालू. मग रिपोर्टात सेफ्ट्रिआक्सोनला (त्याहून साध्या अँटिबायोटिकला) दाद देणारा साधा ई. कोलाय जंतू आला तरी सीनियर म्हणतात, 'पेशंट सुधारतोय ना, कशाला हात लावतोस?' 2024 च्या बॅलन्स चाचणीत रक्तातल्या जंतुसंसर्गाला अँटिबायोटिकचे 7 दिवस 14 दिवसांइतकेच पुरले (स्टॅफ ऑरियस जंतूवाले पेशंट वगळून), हे दाखवलं तर नुसते हसले.

मायक्रोबायोलॉजिस्ट नसताना 48-72 तासांनी औषधाचा फेरविचार करायची पद्धत कोणी बसवलीय का? केसपेपरवर नेमकं काय लिहिता? आणि हो, भरलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या नसतात, हे सिस्टरना कसं पटवलंत?