आयदा कार्ताहेना पोर्तालातीन : एका कवितेत कोंडलेली बाई?

निवांत :
डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या या कवयित्रीबद्दल (१९१८–१९९४) काहीही वाचायला घ्या, गाडी १९५५च्या 'उना मुहेर एस्ता सोला' या कवितेवर येऊन थांबते. 'एक बाई एकटी आहे. एकटी, आपल्या उंचीसह.' कविता थोर आहे, वादच नाही. पण या एका कवितेनं बाईंचं नुकसान केलं असं माझं मत आहे. पॅरिसला जाऊन कलेचा आणि संग्रहालयशास्त्राचा अभ्यास केला, सांतो दोमिंगोच्या विद्यापीठात कलेचा इतिहास शिकवला, कलासमीक्षा लिहिली. 'एस्कालेरा पारा एलेक्त्रा' ही कादंबरी १९६९मध्ये बार्सिलोनाच्या 'बिब्लिओतेका ब्रेवे' पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. त्यात एक डॉमिनिकन बाई ग्रीसमध्ये फिरता फिरता आपल्या गावातल्या एका एलेक्त्राची (ग्रीक पुराणकथेतली, बापाच्या खुनाचा सूड घेणारी मुलगी) गोष्ट लिहू पाहते, आणि लिहिता लिहिता स्वतःच्याच लिखाणावर शंका घेते. आणि १९८६मध्ये आफ्रिकी संस्कृतींवरचं पुस्तक! आपण निग्रो नाहीच, असं सरकारी शिक्क्यानिशी सांगणाऱ्या देशात. खरी कारकीर्द ही. कविता म्हणजे दाराची पाटी.

आडकित्ता :
असहमत. तुमच्या यादीतलं धाडसाचं सगळं १९६१नंतरचं आहे, हे लक्षात आलं का? देशाचा हुकूमशहा त्रुहियो, त्याला ३० मे १९६१ला गोळ्या घातल्या. त्याच वर्षी बाईंनी 'ब्रिगादास दोमिनिकानास' हे नियतकालिक काढलं. हुकूमशहा मेल्यावर सगळ्यांनाच कंठ फुटतो. त्याआधीची, त्याच्या राजवटीची एकतीस वर्षं? १९३७मध्ये त्याच्याच हुकुमावरून सरहद्दीवर हजारो हैतियन माणसं कापली गेली. आणि १९५४मध्ये बाई पुस्तक लिहितात ते कोणावर? वेला झानेत्तीवर. स्पेनहून परागंदा होऊन आलेला चित्रकार, मान्य, पण त्रुहियोच्या सरकारी इमारतींच्या भिंती रंगवणारा. कलासमीक्षकाला भिंतीचा मालक दिसत नाही?

चष्मिष्ट :
आडकित्ता, घरात बसून हे विचारणं फार सोपं आहे हो. त्या काळात राजधानीचं नावच त्रुहियोनगर होतं. १९५५च्या त्याच नावाच्या संग्रहाच्या मुखपृष्ठामागे छापलेलं गावही तेच. तिथे एखादी बाई 'एकटी' आहे, डोळे उघडे, हात उघडे, एवढंच म्हणते. तिला नवरा नाही, बाप नाही, 'राष्ट्रपिता' तर नाहीच. एवढं म्हणणंसुद्धा कमी होतं का?
आणि १९४३ ते १९४७ या काळात 'ला पोएसीआ सोर्प्रेन्दिदा' या कवितेच्या नियतकालिकाचे एकवीस अंक निघाले, त्या गटात ही एकटीच बाई. गटातला स्पॅनिश चित्रकार-कवी ग्रानेल १९४६मध्ये देश सोडून गेला. जे राहिले त्यांनी जगभरच्या कवींना छापलं आणि स्वतः आडून बोलायला शिकले. स्पॅनिश निर्वासितांना त्रुहियोनं घेतलं तेही १९३७ची कत्तल जगानं विसरावी आणि देश गोरा व्हावा म्हणून. म्हणजे वेला झानेत्तीच्या भिंतींमागेही तीच गोष्ट उभी आहे. त्याच्या कलेकडे लक्ष देणं म्हणजे लगेच मालकाची आरती नव्हे.

मनमाडकर :
मी दोघांशी भांडणार आहे. (निवांत, धागा छान, पण पाटीची उपमा मागे घ्या.)
१९६७च्या 'ला तिएर्रा एस्क्रिता' या संग्रहातलं, अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बनं मेलेल्या काळ्या मुलींवरचं शोककाव्य वाचताना मला वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाटतं. तळमळ आहे, कविता पातळ झाली. १९५५ची कविता कोणाचंही नाव घेत नाही, म्हणून टिकली. लोक तिच्यावर थांबतात यात लोकांची चूक नाही.

निवांत :
मनमाडकर, त्याच सुमाराची आईवरची कविता वाचलीत? आईच्या पोटी सात मुलं आली, ती डॅलस, मेम्फिस किंवा बर्मिंगहॅममध्ये 'वांशिक प्रश्न' ठरली असती. एवढ्या सपाट ओळीत आख्ख्या बेटाचं ढोंग येतं. बाईंच्या मोकासारख्या गावात कातडीच्या रंगाला डझनभर नावं, अमेरिकेत एकच. यात पातळ काय आहे?
पाटीची उपमा मागे घेतली. आडकित्त्यांचा १९५४चा मुद्दा मात्र मनात सलतो आहे. मी कलासमीक्षा हा तिच्या कारकिर्दीचा निष्पाप भाग धरून चाललो होतो. तसं नसावं.

चष्मिष्ट :
थोडं अवांतर. 'मुहेर'चं 'बाई' की 'स्त्री'? 'स्त्री एकटी आहे' म्हटलं की लगेच परिसंवादाचं व्यासपीठ दिसतं. 'बाई' म्हटलं की दार दिसतं, आणि दारात उभी असलेली कोणीतरी. आणि त्या ओळीतला मूळ शब्द 'एस्तातुरा' म्हणजे उंचीही, मोठेपणाही. मराठीत दोन्हींना 'उंची' चालते, तेवढं आपलं नशीब.

आडकित्ता :
'बाई'ला माझंही मत. बाकी माझं म्हणणं कायम आहे. पण १९५४चं पुस्तक आणि १९५५चा संग्रह एकाच टेबलावर लिहिले गेले असणार. ते दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय मी पुढे टंकणार नाही.

मनमाडकर :
आईची कविता वाचली. 'पातळ' शब्द त्या कवितेपुरता मागे. बर्मिंगहॅमच्या बाबतीत नाही.