मदत हवी आहे: पीएलजीए इम्प्लांटमधून पहिल्याच दिवशी निम्मं औषध बाहेर

एमफार्म_सोलापूर
प्रोजेक्टसाठी डेक्सामेथासोन या स्टेरॉइड औषधाच्या, शरीरात विरघळणाऱ्या कांड्या करतोय. पॉलिमर पीएलजीए (लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचा) ५०:५०, औषध ३०%, मेल्ट एक्स्ट्रूजन (वितळवून छिद्रातून दाबून काढणं) ९० अंशाला, मग ब्लेडने तुकडे. लांबी १० मिमी, व्यास १ मिमी, वजन साधारण १० मिग्रॅ. कांडी ५ मिली पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारं द्रावण), पीएच ७.४, ३७ अंश. नमुना असेटोनायट्राइलने डायल्यूट करून एचपीएलसीवर (औषध किती ते मोजणारं यंत्र). २४ तासांत ४५% रिलीज! महिनाभर पुरायला हवं. ७५:२५ पॉलिमर घेऊ का?

मोजमाप
पॉलिमरचं नंतर बघू, आधी गणित करा. कांडीत औषध ३ मिग्रॅ. त्याचं ४५% म्हणजे १.३५ मिग्रॅ, ५ मिलीत ते मिलीला २७० मायक्रोग्रॅम झालं. डेक्सामेथासोन पाण्यात २५ अंशाला मिलीला ८९ मायक्रोग्रॅमच्या आसपासच विरघळतं. ३७ ला थोडं वाढेल, तिप्पट नाही. म्हणजे बरंचसं औषध विरघळलेलंच नाही. ब्लेडने कापलेल्या टोकांवरचे आणि पृष्ठभागावरचे स्फटिक सुटून बाटलीत पडलेत, आणि असेटोनायट्राइलने ते विरघळवून तुमच्या आकड्यात घातलेत. याला रिलीज म्हणता येणार नाही.

कांडी आधी १० सेकंद पीबीएसमध्ये खळबळून घ्या. ते पाणी वेगळं मोजा, फेकू नका. नमुना डायल्यूट करण्याआधी सेंट्रिफ्यूज करून वरचाच भाग घ्या. ५ मिलीऐवजी ३० मिली घ्या आणि पहिला आठवडा रोज सगळं पीबीएस बदला. मग दिवसाला ३०% औषध सुटलं तरी संपृक्ततेच्या (जास्तीत जास्त जेवढं विरघळू शकतं त्याच्या) एक तृतीयांशाच्या आतच राहता. एवढं करूनही पहिल्या दिवशी २०% च्या वर गेलं तर स्फटिक एकमेकांना चिकटून आतपर्यंत वाट झालीय असं समजा. औषध ४५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा, प्रमाण २०% वर आणा.

७५:२५ ने स्फटिकांचा प्रश्न सुटत नाही. शिवाय ते विरघळायला चार-पाच महिने लागतात, तुम्हाला हवाय एक.

एमफार्म_सोलापूर
समजलं. कापलेल्या टोकांतून औषध सुटू नये म्हणून ती बंद करायची कशी? आणि आमचा साधा इन्क्युबेटर दुपारी ४० दाखवतो, ते चालेल का?

बीओडीवाला
नाही चालणार. साध्या इन्क्युबेटरला फक्त गरम करता येतं. एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळिशीपार गेली की तो काय करणार बिचारा! कूलिंग असलेला बीओडी इन्क्युबेटर मिळवा. पाणी शोषलेल्या पीएलजीएचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर कडक पॉलिमर मऊ पडतो ते) ३७ च्या जवळपास किंवा खाली येतं, त्यामुळे तीन अंशांनीही कांडी आणखी मऊ पडते आणि औषध भराभर सुटतं. बाटली दर वेळी वजन करून बघा. इथली कोरडी हवा सैल झाकणातून पाणी उडवते, मग आकडे खोटेच वाढतात.

टोकांसाठी असेटोनमध्ये १०% पीएलजीए घेऊन टोक क्षणभर बुडवा, मग व्हॅक्यूममध्ये वाळवा. टेबलावर उन्हाळ्यात नको. उरलेल्या असेटोनने पॉलिमर मऊ होऊन कांडी वाकते. तुलनेसाठी उघड्या टोकांच्या कांड्याही सोबत लावा, नाहीतर व्हायव्हात अडकाल.

पॉलिमरची पिशवी उणे २० मधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, आत दव धरतं.

मोजमाप
एक राहिलं. बुरशीसाठी ०.०२% सोडियम अझाइड घालत असाल तर जुनं पीबीएस बेसिनमध्ये ओतू नका, तांब्याशिशाच्या पाइपात स्फोटक क्षार बनतात. ॲसिडच्या कचऱ्यातही नको, विषारी वायू निघतो. वेगळ्या डब्यात, लेबल लावून.