सॉफ्टवेअर घटक जुळतात हे कोणत्या गृहीतावर ठरवावे?

धागाकर्ता : ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू तळावरून सुटलेले युरोपीय रॉकेट एरियान ५ चाळीसेक सेकंदांत भरकटून नष्ट झाले. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही, हे त्याचे कारण सर्वांना पाठ आहे. मला मात्र पुढची पायरी अधिक बोलकी वाटते. त्यामुळे बंद पडलेल्या दिशादर्शक यंत्रणेने बसवर (घटकांना जोडणाऱ्या सामाईक माहितीवाहिनीवर) जो दोषनिदानाचा संदेश टाकला, तो मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून घेतला आणि त्यानुसार इंजिनांचे नॉझल वळवले. लुका दे अल्फारो आणि थॉमस हेन्झिंगर यांनी २००१ मध्ये मांडलेले इंटरफेस ऑटोमेटा (घटक कोणत्या स्थितीत कोणता संदेश घेतो वा पाठवतो आणि त्यानंतर कोणत्या स्थितीत जातो, याचे गणिती मॉडेल) अशीच विसंगती पकडण्यासाठी आहेत : एका घटकाने पाठवलेला संदेश दुसरा त्या स्थितीत स्वीकारू शकत नसेल, तर ती त्रुटीची स्थिती. जिथे ती टळेल असा एखादा जरी परिसर (घटकांभोवतीची, त्यांच्याशी संदेशांची देवाणघेवाण करणारी उरलेली यंत्रणा) शक्य असला, तरी घटक सुसंगत मानावेत, ही त्यांची आशावादी व्याख्या मला पटते, कारण घटक लिहिताना त्याचा भावी परिसर ठाऊक नसतो.

प्रतिसाद १ : ‘एखादा जरी परिसर’ ही अट फारच सैल आहे. एरियान ४ च्या उड्डाणमार्गावर हीच यंत्रणा बिनतक्रार चालत होती, म्हणजे आपल्या व्याख्येनुसार ती सुसंगतच ठरते. नॅन्सी लिंच आणि मार्क टटल यांच्या १९८७ च्या आय/ओ (इनपुट/आउटपुट) ऑटोमेटात, म्हणजे अशाच दुसऱ्या मॉडेलमध्ये, प्रत्येक घटकाला प्रत्येक स्थितीत प्रत्येक इनपुट स्वीकारावेच लागते. हा नियम जाचक आहे खरा, पण त्यात जबाबदारी अनोळखी परिसरावर ढकलता येत नाही. शिवाय निदानाचा संदेश वेगळा आहे हे मॉडेलमध्ये आधी कोणीतरी लिहायला हवे. बसवर ते केवळ बिट होते.

धागाकर्ता : शेवटचा मुद्दा मान्य, पण तो प्रत्येक मॉडेलला लागू आहे. जबाबदारी ढकलली जाते हे मात्र मला मान्य नाही. दोन इंटरफेस जोडताना परिसराने काय टाळावे याची अट गणिताने निघते आणि ती जोडणीबरोबर पुढे जाते. आडव्या वेगाची मर्यादा अशा अटीत असती, तर एरियान ५ चा मार्ग समोर ठेवताच ती मोडलेली दिसली असती. (साध्या ऑटोमेटात संख्यांच्या मर्यादा मावत नाहीत, त्यासाठी पूर्वअटी जोडाव्या लागतात.)

प्रतिसाद २ : सुसंगततेवर आपण दोघे भांडत आहात, पण खरी गळती रिफाइनमेंटमध्ये, म्हणजे घटक बदलण्याच्या नियमात, आहे. घटकाच्या जागी दुसरा बसवताना त्याने निदान तेवढी इनपुट स्वीकारावीत आणि मूळ घटकापेक्षा जास्त आउटपुट देऊ नयेत, एवढीच अट इंटरफेस ऑटोमेटात आहे. त्यामुळे सर्व काही स्वीकारून काहीच न बोलणारा घटक जवळजवळ कशाच्याही जागी नियमानुसार बसतो. एरियानच्या चौकशी मंडळाची एक शिफारस नेमकी याच्या उलट होती : कोणत्याही सेन्सरने शक्य तितकी चांगली माहिती पाठवणे थांबवू नये. ‘पाठवलेच पाहिजे’ असे सांगायला या मॉडेलमध्ये जागाच नाही. किम लार्सन, उल्रिक न्यूमन आणि आंजेय वोंसोव्स्की यांनी २००७ मध्ये इंटरफेसच्या मॉडेलमध्ये मुभा आणि सक्ती असे संक्रमणांचे (एका स्थितीतून दुसरीत जाण्याच्या पायऱ्यांचे) दोन प्रकार आणले, ते यासाठीच. सक्तीचे संक्रमण नव्या घटकाला गाळता येत नाही.

प्रतिसाद १ : हे पटले. तरीही बिघडलेल्या यंत्रणेकडून ‘शक्य तितकी चांगली’ माहिती म्हणजे कोणती, हे ठरवण्याचे काम सक्तीचे संक्रमण करणार नाही.